पुढची दोन्ही चाकं

मृणालिनी हर्डीकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑकलंडमधल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. जेवणाच्या रांगेत ती कुणाला तरी सांगत होती, की तिने औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली आणि आता ती पूर्णवेळ मधमाश्या पाळते. समोरच्या बाईंचा चेहरा असा झाला, जणू हिने संन्यासच घेतला. मी नर्स. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो डंखाचा.

"अॅलर्जीचं इंजेक्शन जवळ ठेवतेस ना?"

"ठेवते की. पण ते टोचायला सोबत माणूस नसतो," ती हसत म्हणाली. "तुला शनिवारी सुट्टी असते का?"

अशी आमची मैत्री सुरू झाली. मी टाकानिनीत राहायचे, ती हेन्डरसनला. म्हणजे ऑकलंडचं एक टोक आणि दुसरं टोक. तरी पुढची कित्येक वर्षं माझे सुट्टीचे शनिवार तिच्याकडेच गेले.

ती मूळची सांगलीची. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, आई आनंदीबाई घर सांभाळून शिवणकाम करायच्या. कराडला बी. फार्म. झाल्यावर तिचं रमणशी लग्न झालं आणि दोघं इकडे आली. इथल्या परीक्षा नव्याने देऊन ती हेन्डरसनच्या एका दुकानात फार्मसिस्ट म्हणून लागली. रमण शहरात एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचा. दोन पगार, एक घर, मागे हिरवळीचा तुकडा. सगळं नीट चाललं होतं.

दुकानात एक वयस्कर गिऱ्हाईक यायचे. पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. क्लिनिकमधल्या नर्सने त्यांना मानुकाचा मध लावायला सांगितला होता. मानुका म्हणजे इथलं रानझुडूप. पानं बारीक, टोचरी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झुडूपभर पांढरी फुलं. मध औषधांच्या कपाटात ठेवायची वस्तू आहे, ही गोष्टच मृणालिनीला भारी आवडली. ते आजोबा स्वतः माश्या पाळायचे. त्यांनी तिला एक पेटी दिली, आणि धुराचा डबा कसा धरायचा तेही शिकवलं.

त्याच सुमारास, दोन हजार साली, ऑकलंडात व्हरोआ सापडली. गोचिडीसारखी असते ती, माशीला चिकटून तिला शोषून घेते. हौशी लोकांच्या पेट्या भराभर रिकाम्या पडल्या. म्हातारी माणसं कंटाळली आणि उरलेल्या पेट्या कुणाला तरी देऊन टाकायला लागली. मृणालिनीचा जन्म औषधाच्या मात्रांमध्ये गेलेला. पेटीत औषधाची पट्टी केव्हा ठेवायची, केव्हा काढायची, यात ती कधी हयगय करायची नाही. तिच्या माश्या टिकल्या, वाढल्या, परसात मावेनाशा झाल्या. एका हिवाळ्यात तिने पांढरा कोट घडी करून कपाटात ठेवला आणि एक जुनी यूट घेतली. इथे पिकअपला यूट म्हणतात.

ही यूट चांगली दणकट होती. पुढे-मागे जाडजूड अॅक्सल, चारही चाकांना ताकद, मागे लांबरुंद सपाट फळी. रमणला मधमाशी चावली की त्याचा हात कोपरापर्यंत सुजायचा, म्हणून तो माश्यांपासून लांब राहायचा. पण यूट मात्र दर रविवारी धुवायचा.

आता डोंगराकडे येते.

वुडहिलच्या जंगलाच्या पलीकडे, कायपाराच्या खाडीच्या बाजूला, एका माओरी घराण्याची जमीन होती. तिचा कारभार बघणाऱ्या बाईंना सगळे आंटी मेरे म्हणत. सत्तरीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पाऊस असो की थंडी. त्यांच्या जमिनीत खाली कुरणं होती आणि वर एक मोठं पठार, सगळं मानुकाने भरलेलं. खाली पेट्या ठेवल्या तर माश्या कुरणातल्या क्लोव्हर गवताच्या फुलांवर जातात आणि मध मिसळतो. वर ठेवल्या तर शुद्ध मानुका. पण वर जायला एकच वाट होती, पिवळ्या चिकणमातीची, पावसाने चिरलेली. एका मोठ्या मध कंपनीचा माणूस येऊन बघून गेला होता. बुलडोझर लावून रस्ता रुंद करून द्या, मग पेट्या आणतो, असं तो म्हणाला.

"मी त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवलं," आम्ही जागा विचारायला गेलो तेव्हा आंटी मेरेंनी आम्हाला सांगितलं. "त्या उतारावर आमची माणसं पुरलेली आहेत. तिथे खोदायचं नाही. वाट आहे तशीच राहील. त्या वाटेने जो वर जाईल, त्याने पेट्या ठेवाव्यात."

मृणालिनीने डोंगराकडे पाहिलं. "मी जाऊन बघू?"

"जा की. हीप्स ऑफ पीपल, पुष्कळ जण, मधल्या वळणापर्यंत गेलेत," आंटी हसल्या. "आणि परत आलेत."

आम्हीही परत आलो. मी शेजारच्या सीटवर होते, म्हणून मला ते नीट आठवतं. वाटेच्या मध्यावर एक वळण होतं आणि वळणातच दोन खोल चर तिरपे गेले होते. यूट त्यात शिरली, एका बाजूला कलली आणि पुढचं डावं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मृणालिनीने अॅक्सिलरेटर दाबला. ते उचललेलं चाक हवेत गरागरा फिरायला लागलं. उजवं चाक मातीवर टेकलेलं होतं, पण जागचं हललंसुद्धा नाही. मागची चाकं माती उकरत राहिली आणि गाडीचं बूड हळूहळू दरीच्या बाजूला सरकायला लागलं. मी दाराची मूठ इतकी घट्ट धरली होती की नंतर बोटं सरळ होईनात. मृणालिनीने पाय काढला, गाडी थांबवली आणि इंच इंच मागे घेत आम्हाला खाली आणलं.

खाली आल्यावर ती चिडली नाही, घाबरली नाही. बॉनेटवर टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "एक चाक टेकलेलं होतं, कल्याणी. त्याला ताकद मिळाली असती तर आपण गेलो असतो."

घरी येऊन तिने वाचायला सुरुवात केली आणि मग मलाही समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, इथल्या भाषेत 'डिफ'. ते दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. डांबरी रस्त्यावर हे उत्तम. पण एक चाक अधांतरी झालं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडे पळते. तिच्या यूटच्या मागच्या डिफला लॉक होता, पुढच्याला नव्हता. पुढच्या डिफमध्ये लॉक बसवला, की बटण दाबताच हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात. मग एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं.

"डोंगर बदलता येणार नाही," ती म्हणाली. "गाडी बदलता येईल."

ती लॉक स्वतःच बसवणार हे ऐकून रमण हबकला. "अगं, गॅरेजमध्ये दे ना! गाडीचं अर्धं पोट खोलायचं आहे ते. तू स्वतः कशाला?"

"त्या डोंगरावर काही बिघडलं तर तिथे गॅरेज नाही. आत काय आहे, ते मला माहीत पाहिजे."

तिच्या गल्लीच्या टोकाला ट्रेव्हर नावाचे निवृत्त मेकॅनिक राहायचे. आयुष्यभर ट्रक-ट्रॅक्टरचे डिफ खोलून जोडलेले. ती त्यांच्याकडे गेली. मी सोबत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पुढचा लॉक मी लावला नसता. लॉक लागला की स्टिअरिंग तुझं ऐकणार नाही. गाडीला सरळच जायचं असतं मग. जोर करून वळवलीस तर आतलं काहीतरी तुटेल."

"वळणावर लॉक सोडीन."

"आणि चाक नेमकं वळणावरच उचललं गेलं तर?"

आणि चाक उचललं जात होतं ते नेमकं वळणावरच. त्या दिवशी आम्ही तशाच परतलो. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्याचं उत्तर मी डोंगरावर शोधेन. पण आधी लॉक तर बसवू." ट्रेव्हरनी हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "बेअरिंगं दाबून बसवायची प्रेस माझ्याकडे आहे. हात तुझे लागतील. माझी पाठ गेली आहे."

त्याच महिन्यात आनंदीबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. लेकीला स्वयंपाकघरात शोधत फिरल्या, ती सापडली गॅरेजमध्ये. यूटची पुढची चाकं निघालेली, गाडी ठोकळ्यांवर उभी आणि मुलगी खाली सतरंजीवर आडवी.

"मृणाल, बाळ, हे काय आरंभलंयस?"

"आई, ती बॅटरी धर जरा. इकडे, या नटावर."

आनंदीबाईंनी, मी त्यांना मावशी म्हणायचे, पदर खोचला आणि बॅटरी धरली. त्या दिवसापासून ते काम संपेपर्यंत ती बॅटरी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही.

अॅक्सलचे दांडे बाहेर आले, मग डिफचा जड गोळा निघाला. तो उचलायला रमण आला. "मी फक्त उचलणार," असं म्हणून आला आणि मग तिथेच रेंगाळला. ट्रेव्हरच्या शेडमध्ये मृणालिनीने डिफच्या आतला चक्रांचा जुना पिंजरा काढून त्या जागी नवा, लॉक असलेला बसवला, त्यावर दातेरी चक्र चढवलं, प्रेसवर बेअरिंगं दाबली. खरी परीक्षा पुढे होती. दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं चक्र यांच्या दातांमध्ये केसाएवढी फट हवी. जास्त झाली तर दाते आपटतात, कमी झाली तर जळतात. दाते बरोबर जुळतात का, हे बघायला त्यांना एक पिवळा लेप लावून चक्र फिरवतात. लेप जिथे पुसला जाईल तिथे दाते टेकतात.

"हळद लावलीस की गं त्याला," मावशी म्हणाल्या.

पहिल्या खेपेला ठसा दातांच्या कडेला उमटला. मृणालिनीने वाकून पाहिलं आणि सगळं पुन्हा खोललं. दुसऱ्या खेपेला ठसा मधे सरकला, पण तिचं समाधान झालं नाही. पुन्हा खोललं. शेवटी ठसा दाताच्या बरोब्बर मधोमध उमटला. ट्रेव्हरनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "स्वीट अॅज," म्हणजे झकास. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळच.

हवेची नळी आत नेण्यासाठी डिफच्या जाड लोखंडी कवचाला भोक पाडायचं होतं. चुकलं तर कवच वाया. तिने खुणेवर ड्रिल टेकवलं, एकदा श्वास घेतला आणि दाबलं. लोखंडाचे चकचकीत कीस खाली पडत राहिले. भोक सरळ गेलं.

सगळं परत जोडल्यावर बॉनेटखाली छोटा कॉम्प्रेसर बसवला, डॅशबोर्डवर बटण लावलं. बटण दाबलं तर कॉम्प्रेसर घरघरतच राहिला, थांबेना. म्हणजे हवा कुठेतरी गळत होती. मृणालिनीने साबणाचं पाणी करून नळीच्या जोडांवर लावलं, पण काही दिसेना. मावशी बॅटरी घेऊन दुसऱ्या बाजूने वाकल्या.

"मृणाल, इथे फेस येतोय. या वाकड्या नटाच्या मागे."

तो जोड घट्ट केला. कॉम्प्रेसर थोडा वेळ घरघरला आणि गप्प झाला.

मग चाचणी. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचललेली होती. रमणला तिने उजव्या चाकाशी बसवलं आणि मावशींना डाव्या. "आई, फिरव." मावशींनी डावं चाक फिरवलं, तसं उजवं उलट्या दिशेने गेलं. "आता बघ हं," म्हणत तिने बटण दाबलं. फुस्स आवाज झाला. मावशींनी चाक पुन्हा ढकललं आणि रमणच्या हातातलं चाक त्याच दिशेला, त्याच वेगाने फिरलं. रमणने ते धरून थांबवायचा प्रयत्न केला, तर मावशींचं चाकही थांबलं.

"अरेच्चा!" रमण ओरडला. "आई, परत फिरवा बरं!" आणि मग सासू-जावई लहान मुलांसारखे ती चाकं फिरवतच बसले.

ट्रेव्हरच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मृणालिनी डोंगरावर पायी गेली. एकदा नाही, बऱ्याचदा. आंटी मेरेही तिच्याबरोबर चालायच्या. तिने वळणावर सुतळी टाकून गाडीची लांबी मोजली, चर कुठून सुरू होतात ते पाहिलं. आणि तिला दिसलं, की चरांच्या अलीकडे वाटेला थोडी सपाट जागा आहे. सगळे तिथून सरळ वळणात शिरायचे आणि वळता वळता चरात अडकायचे. त्याऐवजी वळण आधीच, त्या सपाट जागेवर, गाडी पुढे-मागे करून पूर्ण घ्यायचं. चाकं सरळ करायची. मग लॉक लावायचा आणि चर सरळ रेषेत ओलांडायचे.

"वळायचं आधी, चढायचं मग," ती मला म्हणाली.

आंटी मेरेंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्याआधी इथे कुणी चालत आलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे गाडीतूनच बघतात."

मानुकाची झुडपं फुलायला लागली आणि पावसाने ठाण मांडलं. तो उघडेपर्यंत थांबलो असतो तर बहर गेला असता. एका शनिवारी पहाटे आम्ही पेट्यांची दारं बंद केली, पट्ट्यांनी त्या फळीवर आवळल्या आणि निघालो. माझ्या खिशात इंजेक्शन होतं. डोंगराच्या पायथ्याशी उजाडलं तेव्हा वाट लोण्यासारखी चकाकत होती. आंटी मेरे त्यांच्या चारचाकी बाइकवर बसून वाट बघत होत्या. त्यांनी डोंगराकडे तोंड करून हळू आवाजात प्रार्थना म्हटली आणि मग आम्हाला हात केला.

मी वळणाआधीच उतरले. सपाट जागेवर उभी राहून मी हाताने खुणा करत होते: मागे, अजून मागे, थांब. माझ्या पाठीमागे दरी होती, आणि ती मला सारखी आठवत होती. मृणालिनीने गाडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे. चाकं सरळ झाली. खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला.

कॉम्प्रेसरचा आवाज आला आणि थांबला. गाडी चरात शिरली. कलली. डावं चाक जमिनीवरून उचललं गेलं, पहिल्या वेळेसारखंच. पण या वेळी ते गरागरा फिरलं नाही. हवेत सावकाश फिरत राहिलं, आणि त्याच सावकाश चालीने उजव्या चाकाने माती धरली. चिखलाचा एक मोठा लपका मागे उडाला. गाडी थरथरली आणि वर सरकली. हातभर. आणखी हातभर. डावं चाक पलीकडच्या काठाला टेकलं, मागची चाकं चरात उतरली आणि निघालीसुद्धा. इंजिनाचा आवाज जराही चढला नाही. पेट्यांनी भरलेली ती यूट माझ्यासमोरून म्हशीच्या चालीने वर निघून गेली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीत ओरडले एवढं नक्की. मागून आंटी मेरेंची त्यांच्या भाषेतली आरोळी आली. आम्ही दोघी त्यांच्या बाइकवरून वर पोचलो तेव्हा मृणालिनी गाडीतून उतरून उभी होती. चारी बाजूंना पांढरीशुभ्र फुलं, खाली कायपाराचं पाणी आणि लांब पश्चिमेला समुद्राची रेघ. तिच्या गालावर चिखल होता आणि ती हसत होती, थांबतच नव्हती.

"किया ओरा, बी लेडी," आंटी मेरे म्हणाल्या, म्हणजे 'शाब्बास, मधमाशीवाली', आणि माओरी रीतीने तिच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं.

आम्ही पेट्या उतरवल्या, दारं उघडली. माश्या बाहेर आल्या, हवेत दोन-चार गिरक्या घेतल्या आणि थेट फुलांवर गेल्या. त्या दिवशी यूटने डोंगराच्या आणखी खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेला वर पोचली. शेवटच्या खेपेला रमण आनंदीबाईंना घेऊन आला होता. त्यांना पुढच्या सीटवर बसायचंच होतं. नऊवारी नेसलेल्या, वर लेकीचं जाकीट घातलेल्या मावशी त्या चरातून जाताना डोळे मिटून बसतील असं मला वाटलं होतं. उलट त्या खिडकीतून वाकून चाकाकडे बघत होत्या आणि लेकीला सांगत होत्या, "उचललं बघ! आता टेकलं! चल, चल!"

त्या मोसमातला मध गडद आणि इतका दाट होता की चमचा उभा राहायचा. प्रयोगशाळेतून तपासून आला तो शुद्ध मानुका म्हणून. मृणालिनी आणि आंटी मेरेंच्या घराण्याने मिळून धंदा सुरू केला, निम्मा-निम्मा. त्या मध कंपनीचा माणूस पुन्हा आला, या वेळी मध विकत घ्यायला. आंटींनी त्याला पुन्हा चहा पाजला आणि सांगितलं, की दोन मोसमांचा मध आधीच दुसऱ्यांना द्यायचा ठरला आहे.

दोन वर्षांनी आंटींच्या भाचीने स्वतःची यूट घेतली. लॉक बसवायला तिचा पुढचा डिफ मृणालिनीने तिला सोबत घेऊन आंटींच्याच शेडमध्ये खोलला. ट्रेव्हर खुर्ची टाकून बाजूला बसले होते आणि भाची गाडीखाली होती. पिवळा ठसा पहिल्याच खेपेला मधोमध उमटला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या एकामागून एक डोंगर चढल्या. पुढची गाडी भाची चालवत होती.